अंगणातील निखारा आणि डोंगरावरील झाड



पुण्याहून पौडच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास भूगाव, भुकूम आणि पिरंगुट ही गावे मागे टाकल्यावर भरे गावचा परिसर लागतो. मुळशी तालुक्याची जुनी ओळख भातखाचरांची. आता त्या ओळखीस शेतघरांची व भोजनगृहांची जोड मिळाली आहे. शनिवारी सायंकाळ झाली की अनेक अंगणांतून शेगड्या पेटतात, जाळीवर कणसे, वांगी, पनीर, कोंबडी, मासळी भाजली जाते आणि मंडळी रात्री उशिरापर्यंत निखाऱ्याभोवती रमतात. शहरी भाषेत यास बार्बेक्यू म्हणतात.

हा विषय वरकरणी चैनीचा वाटेल. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याचा, पावसाळ्यात रस्त्याचा आणि बारमाही रोजगाराचा प्रश्न आहे, तेथे पाहुण्यांच्या शेगडीची चर्चा कशाला, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. परंतु पाहुणे रविवारी परत जातात. त्यांच्या शेगडीचा धूर, राख, उष्ट्या थाळ्या आणि कोळशासाठी तुटलेल्या झाडाची उणीव मात्र गावाकडे राहते. म्हणूनच हा विषय ग्रामपंचायतीच्या कक्षेतील आहे.

अंगणात विस्तव पेटवून त्यावर धान्य, शेंगा, कंद भाजून खाणे ही काही परकीयांकडून आलेली रीत नव्हे. घाटावर मार्गशीर्ष-पौषात ज्वारीच्या शेतात हुरड्याची आगटी लागते. जमिनीत लहानसा खड्डा, त्यात गोवऱ्यांचे निखारे, त्यात खुपसलेली कोवळी कणसे आणि हातावर चोळून काढलेले गरम दाणे, एवढाच तिचा सरंजाम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तर खास हुरड्यासाठी ‘फुले मधुर’ हा वाण दिला आहे. ताम्हिणी घाट उतरून रायगड जिल्ह्यात गेले की तेथे पोपटी भेटते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, क्वचित कोंबडी भरतात. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करून मडके पालथे ठेवतात आणि भोवती पेंढा, काटक्या, पालापाचोळा रचून पेटवितात. अर्ध्या तासाच्या आसपास पदार्थ शिजतात. पाणी नाही, तेल नाही. शेंगांतील ओलावा मडक्यातच कोंडला जातो, चरबी विस्तवावर ठिबकत नाही आणि जळण म्हणून लागतो तो केवळ शेतातील व कुंपणाकडेचा पाचोळा. इंधनशास्त्राच्या कसोटीवर उघड्या जाळीपेक्षा ही बंद मडक्याची रीत सरस ठरते. मुळशीतील शेतघरांनी परदेशी बनावटीच्या शेगड्या मागविण्यापूर्वी घाटाखालच्या शेजाऱ्यांचे मडके एकदा पाहावे, हे बरे.

मात्र आज बहुसंख्य अंगणांत जळतो तो लाकडी कोळसा. प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

कोळसा म्हणजे अपुऱ्या हवेत भाजलेले लाकूड. मातीने लिंपलेल्या पारंपरिक भट्टीत सुमारे पाच ते सहा किलो सुक्या लाकडापासून एक किलो कोळसा हाती येतो. उरलेल्या भागाची वाफ, धूर आणि ज्वलनशील वायू होऊन ते हवेत जातात. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, मिथेनही असतो. म्हणजे जी उष्णता कामास यायची ती वाया जाते आणि वर हवा बिघडते ती वेगळीच. एखाद्या मेजवानीस पाच किलो कोळसा लागला असे धरले, तर त्यामागे पंचवीस ते तीस किलो सुके लाकूड खर्ची पडलेले असते. हा हिशेब ताटात दिसत नाही, कारण भट्टी दूर डोंगरात लागलेली असते.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्याने हा हिशेब पूर्वी चुकता केलेला आहे. पानशेत परिसरात धरणाच्या कामासाठी रस्ते झाले, आणि त्याच रस्त्यांनी डोंगरावरील वृक्षांचा कोळसा शहराच्या बाजारात जाऊ लागला, याची नोंद पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी केली आहे. १९७० च्या दशकात गाडगीळ व वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा मूळच्या वनाचे उत्तम नमुने देवाच्या धाकाने राखलेल्या या लहान लहान तुकड्यांतच त्यांना आढळले. भोवतीचे डोंगर उघडे पडण्याची कारणे अनेक होती, कोळसा हे त्यांपैकी एक. तरीही ज्या डोंगरावर पुन्हा किंजळ, ऐन, जांभूळ उभे राहण्यास एक पिढी लागते, त्या डोंगराने आता रविवारच्या मेजवानीचाही भार वाहावा, असे कोणी म्हणणार नाही.

या भट्ट्या कोणी लावल्या, हेही विसरता येत नाही. कातकरी समाजाचे नावच खैराच्या कातावरून पडले. कात पाडण्याचा धंदा आटल्यावर यातील अनेक कुटुंबे कोळशाच्या भट्ट्यांकडे वळली. ठेकेदाराकडून पावसाळ्यात उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर मुक्काम हलवून ती फेडायची, हे चक्र कोकणात व घाटमाथ्यावर दीर्घकाळ चालले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानंतरही उचलीची पकड सैल व्हायला फार काळ लागला. भट्टीवर गेलेल्या मुलाचे वर्गातील नाव कायम आणि हजेरी कोरी, हा अनुभव आदिवासी वाड्यांवर काम केलेल्या शिक्षकांस नवा नाही. तेव्हा ‘कोळसा बंद’ असा ठराव करून प्रश्न सुटत नाही. झाड वाचले पाहिजे आणि हाताचे कामही गेले नाही पाहिजे, अशी वाट शोधावयास हवी.

अशी वाट पुण्यातच शोधली गेली आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘आरती’, अर्थात ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्याचे तंत्र विकसित केले आणि त्याबद्दल २००२ साली संस्थेस ब्रिटनमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ऊस तुटून गेल्यावर हेक्टरी सुमारे आठ ते दहा टन वाळलेले पाचट शेतात उरते. ते जनावरे फारसे खात नाहीत, लवकर कुजत नाही, आणि खोडव्याची घाई असलेला शेतकरी काडी लावून मोकळा होतो. त्या एका दुपारच्या जाळात जे वाया जाते, त्यातून इंधन काढण्याची ही युक्ती आहे.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. पाचट पत्र्याच्या पिंपांत ठासून भरतात आणि ही पिंपे एका मोठ्या भट्टीत उपडी ठेवतात. भट्टीच्या तळाशी थोडे पाचट पेटवून सुरुवातीची धग देतात. पिंप तापले की आतील पाचटातून ज्वलनशील वायू सुटू लागतात. ते पिंपाच्या खालच्या तोंडातून बाहेर येतात आणि तेथेच पेट घेतात. पुढचे भाजण्याचे काम हे वायूच करतात. मातीच्या भट्टीत जो वायू हवेत जाऊन त्रास देतो, तोच येथे जळण म्हणून उपयोगास येतो. निवलेल्या पिंपातून काळा चुरा निघतो. त्यात पिठाची खळ किंवा शेण मिसळून तो शेवयांच्या यंत्रासारख्या साच्यातून दाबला की कांड्या पडतात, आणि त्या उन्हात वाळविल्या की झाला कांडी कोळसा. ही भट्टी हलविता येते, एका शेतावरून दुसऱ्या शेतावर नेता येते. अवजड वाहतूक पाचटाची नव्हे, कोळशाची करावी लागते, आणि त्यातच तिच्या किफायतीचे रहस्य आहे. याच संस्थेच्या ‘सराई’ कुकरमध्ये अवघ्या शंभर ग्रॅम कांडी कोळशावर पाच माणसांचा भात, वरण आणि भाजी वाफेवर शिजते. उघड्या शेगडीवर शंभर ग्रॅम कोळशात चहाचे आधण धड येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे बंद भांड्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मुळशी हा मुख्यत्वे भाताचा तालुका, हे खरे. परंतु कासारसाईचा श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना येथून फार दूर नाही आणि त्याच्या परिसरात पाचट आहे. एक सावधगिरी मात्र येथेच नोंदविली पाहिजे. पाचटावर पहिला हक्क जमिनीचा आहे. सरीत पाचट आच्छादून ते कुजविले तर ओलावा टिकतो, तण दबते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. कृषी विभाग वर्षानुवर्षे हेच सांगत आला आहे आणि ते योग्यच आहे. जे शेतकरी कुजवीत नाहीत, जाळूनच टाकतात, त्यांच्या पाचटाचा कोळसा व्हावा. कोळशासाठी आच्छादन उचलले गेले, तर डोंगराचे वाचवून शेताचे गमावल्यासारखे होईल. बंधाऱ्याकाठी व पडीक जमिनीत माजलेली वेडी बाभूळ हा दुसरा स्रोत. सोलापूर-अहिल्यानगरकडच्या कोरड्या भागात तिने जमिनी व्यापल्या आहेत. तिचा कोळसा घेतल्याने तेथील मूळच्या वृक्षांवर घाव पडत नाही.

टाकाऊपासून भाजण्याचा कोळसा, ही कल्पना मेजवानीच्या मायदेशातही नवी नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात फोर्ड मोटारीच्या कारखान्याने गाड्यांच्या लाकडी भागांतून उरलेल्या तुकड्यांचा व भुशाचा कोळसा करून त्याच्या वड्या विकावयास काढल्या. आज त्या देशात घराघरांतील अंगणात जी वडी जळते, तिचा उगम असा कचऱ्यात आहे.

गॅसची शेगडी अधिक चांगली नव्हे काय, असा प्रश्न शिक्षकांकडून हमखास विचारला जातो. केवळ वायुप्रदूषणाचा आणि कार्बनचा हिशेब केला, तर उत्तर होय असे आहे. २००९ साली ब्रिटनमधील वापराचा जो तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कोळशाच्या शेगडीचा कार्बनभार गॅसच्या शेगडीच्या जवळजवळ तिप्पट आढळला. त्यातील मोठा वाटा कोळसा तयार करतानाच्या नासाडीचा होता. म्हणजे ज्यास गॅस चालतो त्याने तो वापरावा. ज्यास निखाराच हवा त्याने तो कोणत्या वस्तूचा आहे हे विचारून घ्यावे.

शेगडी कशी पेटवावी, यातही बरेच काही वाचविता येते. घाई झाली की रॉकेल ओतणे, प्लॅस्टिकची पिशवी किंवा रबराचा तुकडा पेटवून निखारा धरणे, हे प्रकार सर्रास चालतात. त्यांचा विषारी धूर प्रथम अन्नास लागतो आणि मग शेजाऱ्यास. त्याऐवजी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा, त्याची दोन्ही तोंडे कापून मोकळी करावीत, बुडापासून चार बोटांवर आत जाळी बसवावी आणि जाळीखालच्या बाजूंस भोके पाडावीत. खाली वाळलेले गवत किंवा कागद, वर कोळसा. धुराड्याप्रमाणे हवा खालून वर खेचली जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत सर्व कोळसा सारखा पेटतो. वरच्या कोळशावर करड्या राखेचा थर आला की मगच तो शेगडीत पसरावा. तोपर्यंत जाळीवर पदार्थ ठेवण्याची उतावीळ करू नये. अर्धवट पेटलेला कोळसाच सर्वाधिक धूर देतो. कोळसा विकत घेताना तो एकमेकांवर आपटून पाहावा. खणखणीत वाजला तर पुरता भाजलेला, बद्द वाजला तर आत कच्चे लाकूड किंवा ओल उरलेली. शेगडीस झाकण असावे आणि खालची हवा कमीजास्त करण्याची सोय असावी. जेवणे उरकली की निखारे रात्रभर जळू देण्याऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडावेत. हवेअभावी ते विझतात आणि पुढच्या खेपेस उपयोगी पडतात. जुन्या गृहिणी चुलीतले निखारे विझवून कोळसा साठवीत, तीच ही काटकसर.

चरबीयुक्त मांस थेट ज्वाळेवर धरले की चरबी निखाऱ्यावर ठिबकते, भपका उठतो आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये धुरावाटे पुन्हा अन्नावर बसतात. निखारे एका बाजूस आणि पदार्थ दुसऱ्या बाजूस ठेवून वर झाकण घालावे किंवा पदार्थ केळीच्या पानात गुंडाळावा. रताळी, कणसे, वांगी, कांदे यांस तर राखेतली मंद धग पुरते.

पौड रस्त्यावर ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. शहरातील ग्राहक या चवीसाठी जादा पैसे मोजतो. त्या चुलीपुढे दिवसभर बसणाऱ्या स्त्रीच्या घरी बहुधा गॅस आलेला असतो, आणि १९८३-८४ पासून २००२ पर्यंत राबविलेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात धुराड्याची निर्धूर चूलही तिच्या सासूने पाहिलेली असते. स्वतःच्या घरातून गेलेला धूर तिने मजुरीसाठी पुन्हा डोळ्यांत घ्यावा, ही विपरीत गोष्ट आहे. ज्या भोजनगृहास चूल हवी असेल त्याने तीस धुराडे बसवावे. भाकरीच्या चवीत त्याने काडीचा फरक पडत नाही.

धुरापेक्षाही एक घातक वायू निखाऱ्यातून निघतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. थंडी वाजते म्हणून विझत आलेली शेगडी खोलीत किंवा तंबूत घेऊन झोपी जाणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणे होय. धरणकाठी तंबूत मुक्काम करणाऱ्यांची संख्या वाढत असल्याने ही सूचना प्रत्येक निवासस्थळी मोठ्या अक्षरांत लावण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीने करून घ्यावी.

वणव्याचा धोका त्याहून व्यापक. फेब्रुवारीपासून डोंगरउतारावरील गवत वाळून कोळ होते आणि एक ठिणगी पुरेशी ठरते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये राखीव वनात विस्तव पेटविणे किंवा तो पेटता सोडणे हा गुन्हा आहे. शेतघराचे अंगण वनाबाहेर असले तरी वाऱ्यास सातबारा वाचता येत नाही. वनखाते जशी जाळरेषा काढते, तशी शेगडीभोवती चार-पाच पावले जमीन गवत काढून स्वच्छ ठेवावी आणि पाण्याची बादली हाताशी असावी. राख वरून थंड दिसली तरी पोटात निखारा जपून ठेवते. ती दुसऱ्या दिवसापर्यंत पत्र्याच्या भांड्यातच राहू द्यावी. पुरती निवलेली लाकडी कोळशाची राख परसातील भाजीस थोडी थोडी द्यावी. तिच्यात पालाश आणि चुना असतो.

थाळ्यांची गोष्ट थोडक्यात. थर्मोकोलच्या व प्लॅस्टिकच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. तरीही त्या येतात आणि बऱ्याचदा त्याच शेगडीत जाळल्या जातात. पळसाच्या पत्रावळी व द्रोण वाड्यांवरील स्त्रियांकडून घेतले, तर कायदा पाळला जातो आणि चार पैसे गावात राहतात.

आता ग्रामपंचायतीच्या हाती काय आहे ते पाहू. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियमानुसार ऐन, हिरडा, खैर, जांभूळ, किंजळ, आंबा, मोह आदी अनुसूचित वृक्ष खाजगी जमिनीतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. याची माहिती नव्या जमीनमालकांस बहुधा नसते, ती लेखी द्यावी. शेतघरे व भोजनगृहे यांच्या मालकांची एक बैठक घेऊन त्यांची कोळशाची एकत्रित मागणी किती, हे नोंदवून घ्यावे. ही मागणी कागदावर आली तरच कांडी कोळशाची भट्टी एखाद्या बचतगटाने किंवा कातकरी वाडीने चालविणे परवडेल की नाही, ते सांगता येईल; आकड्यांवाचून घेतलेले प्रशिक्षण अशा अनेक योजनांप्रमाणे प्रमाणपत्रावरच थांबते. भट्टीवर काम देताना उचलीची जुनी पद्धत मागील दाराने येणार नाही आणि मुले शाळेतच राहतील, हे पाहण्याचे काम शिक्षकांनी अंगावर घ्यावे. शाळेतील मुलांकडून डब्याची पेटवणी आणि पोपटीचे मडके यांचा प्रयोग करून घेता येईल. किती जळणात किती अन्न शिजले, हे तागडीने मोजण्याइतका विज्ञानाचा सोपा पाठ दुसरा नाही. २०२० साली सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात अग्नी आणि वायू ही दोन तत्त्वे स्वतंत्रपणे धरलेली आहेत. त्या सदरांत गावोगाव दिवे आणि सौर पट्ट्या यांचीच नोंद होते. शेगड्यांचीही व्हावी.

वर्षातील चार ठरलेल्या ग्रामसभांपैकी २ ऑक्टोबरची सभा या कामास सर्वांत सोयीची. त्या वेळी पाऊस संपत आलेला असतो, हुरड्याचा व मेजवान्यांचा हंगाम अद्याप सुरू व्हायचा असतो, उसाचे गाळपही पुढेच असते आणि डोंगरावरचे गवत अजून हिरवे असते. मालकांची बैठक सप्टेंबरमध्ये झाली, तर कोळशाच्या मागणीचे आकडे त्या सभेपुढे ठेवता येतील.